मध्यम दर्जाची शिवी

मी साला आहे. हे मी रागाने सांगत नाही, नातं सांगतोय. माझी ताई ज्यांना दिली, ते भाऊजी रॅलीत गाडी चालवतात आणि मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून पुढे कोणतं वळण येतंय ते ओरडून सांगतो. याला नॅव्हिगेटर म्हणतात. जिंकलो की फोटो ड्रायव्हरचा छापतात आणि गाडी खड्ड्यात गेली की चौकशी नॅव्हिगेटरची होते. मला याबद्दल तक्रार नाही, निदान लेखी तरी नाही.

भाऊजी घुमे. जेवताना मीठ हवं असलं तर मागणार नाहीत, उठून घेतील. ताईने नवे पडदे लावले तर चार महिन्यांनी त्याच पडद्याला हात पुसतील, तेव्हा कळायचं की पडदा त्यांच्या लक्षात आलाय. पण हेल्मेट चढलं की हाच माणूस बोलायला लागायचा. एकच शब्द बोलायचा, पण बोलायचा. मी म्हणायचो, "डावं चार, आवळतंय, कापू नको," आणि तिकडून यायचं, "साल्या."

आकडा जितका लहान तितकं वळण अवघड, एवढं कळलं की आमच्या धंद्यातलं निम्मं कळलं. उरलेलं निम्मं त्या 'साल्या'त होतं. तुटक 'साल्या' म्हणजे ऐकलं. लांबवलेला म्हणजे उशिरा सांगितलंस. शेवट वर गेला म्हणजे परत सांग. आणि स्टेज, म्हणजे शर्यतीचा टप्पा, संपून गाडी हळू झाल्यावर, श्वास सोडताना आलेला 'साल्या' म्हणजे शाबासकी. ती वर्षातून दोन-चारदा मिळायची आणि मला पुरायची. गाडीबाहेर मी त्यांना अहो-जाहो करायचो, गाडीत अरे-तुरे. तेवढ्या वेगात आदर मागे पडतो. ते मात्र मला गाडीत काय आणि घरात काय, कायम 'तू'च म्हणायचे. धाकट्या मेहुण्याला दुसरं काय म्हणणार?

या वर्षी रॅली भरवणाऱ्या महासंघाने नवीन नियम आणले. महासंघ दर वर्षी नवीन नियम आणतो, कारण जुने नियम आम्हाला नुकतेच पाठ झालेले असतात. एके काळी टायर किती रुंद असावा एवढ्यावर भागायचं. आता वस्तीतून जाताना इंजिन बंद ठेवून गाडी विजेवर न्यायची, प्रत्येक गाडीत कॅमेरा आणि माइक लावायचा आणि आतलं सगळं बोलणं घरबसल्या लोकांना ऐकवायचं, असं ठरलं. लोकांना ऐकवायचं म्हणजे ते सभ्य असायला हवं. म्हणून भाषा तपासणारं एक यंत्र आणलं. ते प्रत्येक गाडीतला प्रत्येक शब्द ऐकायचं, वाईट शब्द वेगळे काढायचं आणि त्यांना दर्जा द्यायचं. सौम्य, मध्यम, तीव्र. मेकॅनिक लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव सासूबाई ठेवलं.

पूर्वी इंजिनाच्या गडगडाटात ड्रायव्हरने आख्ख्या महासंघाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला तरी कुणाच्या कानावर जायचं नाही. आता गाडी विजेवर चालली की आत देवघरासारखी शांतता. सासूबाईंना सुईसुद्धा पडलेली ऐकू यायची.

तर शेवटच्या रॅलीच्या आधीच्या रॅलीत आम्ही तिसरे आलो, आणि दुसऱ्या दिवशी टीमच्या मॅनेजरने आम्हाला ऑफिसात बोलावलं. मॅनेजर हा मुळात विमा विकणारा माणूस. वाईट बातमी देताना तो खुर्ची पुढे ओढून बसतो.

"सासूबाईंनी तुमचा शब्द पकडलाय," तो म्हणाला. "साला. शिवी, मध्यम दर्जा. शंभराच्या वर वेळा."

"एवढ्या वेळा?" भाऊजींनी विचारलं. मला वाटतं त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"पंचमंडळासमोर सुनावणी आहे. दोषी ठरलात तर शेवटच्या रॅलीतून बाहेर."

शेवटच्या रॅलीतून बाहेर म्हणजे सगळ्यातूनच बाहेर. पुढच्या वर्षी टीमकडे संपूर्ण विजेवरची नवीन गाडी येणार होती. गाडी एकच, त्यामुळे जोडीही एकच. दुसरी जोडी होती दोन चुलतभावांची. ते गाडीत एकमेकांना 'प्लीज' आणि 'थँक्यू' म्हणत, आणि आम्ही त्यांना तेच नाव पाडलं होतं. गुणांत आम्ही त्यांच्या पुढे होतो, पण जेमतेम. शेवटची रॅली चुकली की नवीन गाडी प्लीज-थँक्यूंची. भाऊजींना कुणीतरी घेतलं असतं, ड्रायव्हरला मागणी असते. मला त्यांच्याच शेजारी बसायचं होतं. एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती, आणि या वयात ती सांगायला मला लाज वाटत नाही.

मॅनेजरला उपाय सुचला होता. विम्याच्या कागदावरचं बारीक अक्षर वाचायची त्याची सवय कामी आली. "नियमात एक सूट आहे. जोडीदाराला त्याच्या खऱ्या नात्याने हाक मारली तर ती शिवी धरत नाहीत. तू यांचा साला आहेसच ना?"

"आहे की," मी म्हणालो.

"मग झालं. मंडळाला पुरावा लागेल. तुझ्या बहिणीला घेऊन ये. दोन मिनिटांचं काम."

भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. मीही तिकडेच बघितलं. बाहेर ट्रक मागे घेत होते, दुसरं काही नव्हतं. मॅनेजरला ठाऊक नव्हतं ते असं की ताई दोन वर्षांपूर्वी घर सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली होती आणि दोघांचा परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज कोर्टात पडून होता.

पडून होता याचंही श्रेय महासंघालाच. कोर्टाने तारीख दिली की नेमकी त्याच आठवड्यात रॅली. तारीख पुढे ढकलून घ्यावी, तर महासंघ वेळापत्रक बदलून रॅलीही पुढे ढकलायचा. कधी प्रक्षेपणवाल्यांना फुटबॉलची अडचण, कधी मंत्र्यांना उद्घाटनाला सवड नाही. असं चार वेळा झालं. माझ्या बहिणीचा संसार दोन वर्षं महासंघाच्या वेळापत्रकावर तग धरून होता. दर वेळी तारीख पुढे पडली की मला मनातून बरं वाटायचं. ताईलाही वाटत असावं, असा माझा समज होता.

ताईकडे गेलो तेव्हा ती शिलाई मशीन उघडून त्यात तेल घालत होती. ती नाटकांचे कपडे शिवते. सगळं ऐकून घेतल्यावर ती बराच वेळ हसली.

"म्हणजे त्यांची गाडी चालावी म्हणून मी जाऊन सांगायचं, की होय, हा माझा नवरा आहे?"

"त्यांच्यासाठी नको. माझ्यासाठी ये."

"तुझ्यासाठीच तर सगळं केलं," ती म्हणाली. "लग्न ठरताना तूच मागे लागला होतास, ताई, याच्याशीच कर, याच्याकडे गाडी आहे." मग मशीन बंद करून म्हणाली, "येते. पण खोटं बोलणार नाही."

सुनावणी महासंघाच्या बैठकीच्या खोलीत होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि एसी इतका की पंच कोट घालून बसले होते. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांच्या डावीकडे एक माजी ड्रायव्हर, तो कानाने अधू. उजवीकडे सासूबाईंची देखभाल करणारा इंजिनियर, लॅपटॉप उघडून.

"शब्दकोशात याला शिवी म्हटलंय," इंजिनियर म्हणाला.

"शब्दकोशात आधी बायकोचा भाऊ म्हटलंय," आमचा मॅनेजर म्हणाला. तो कोश काखेत मारूनच आला होता.

अध्यक्षबाईंनी भाऊजींकडे पाहिलं. "मेहुणा असा चांगला शब्द आहे. तो का नाही वापरत?"

"वेगात मेहुणा म्हणता येत नाही, मॅडम. म्हणेपर्यंत वळण जातं."

माजी ड्रायव्हरने मान डोलावली. त्याला काय ऐकू आलं देव जाणे, पण आमच्या बाजूने एक मत पडल्यासारखं वाटलं.

मग ताईला बोलावलं. ती करड्या रंगाची साडी नेसून आली होती आणि भाऊजींपासून दोन खुर्च्या सोडून बसली.

"हे तुमचे पती?"

"सध्या तरी," ताई म्हणाली.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. ताईने सगळं सरळ सांगून टाकलं. वेगळं राहणं, अर्ज, तारखा. मॅनेजरचा चेहरा असा झाला की जणू पॉलिसी विकल्यावर दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक गेलं. पण अध्यक्षबाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, "आजच्या तारखेला लग्न कायम आहे?"

"आहे."

"मग हा तुमचा भाऊ यांचा साला आहे. आता शब्द कोणत्या भावनेने उच्चारला तेवढं पाहू. लावा."

इंजिनियरने ध्वनिमुद्रण लावलं. मागच्या रॅलीतले सगळे 'साल्या' त्याने कापून एकापुढे एक जोडले होते. आम्ही बसून ऐकू लागलो. सुरुवातीला खोलीत सगळे हसले. शिपाईसुद्धा दारात उभा राहून हसला. साल्या. साल्याऽ. साल्या? मग हळूहळू हसू थांबलं. मधलं इंजिन, माझं ओरडणं, सगळं काढून टाकलं होतं, आणि नुसत्या त्या एका शब्दात घाबरलेला, चिडलेला, खूश झालेला, थकलेला असा आख्खा माणूस ऐकू येत होता. एका ठिकाणी आम्ही दरीच्या कडेवरून थोडक्यात वाचलो होतो. तिथला 'साल्या' अगदी हळू होता. मी टेबलावरची बाटली उघडून पाणी प्यालो.

भाऊजी मान खाली घालून बसले होते. आपलाच आवाज ते पहिल्यांदा ऐकत होते.

ताई ऐकत होती. आधी हसली, मग तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"यात अपमान आहे असं तुम्हाला वाटतं?" अध्यक्षबाईंनी तिला विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "अपमान कसला यात? जीव आहे."

मंडळाने निकाल दिला. सदर शब्द हे नातं कायम असेपर्यंत वापरण्यास हरकत नाही. नात्यात बदल झाल्यास जोडीने मंडळास कळवावं. मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली. मी आनंदाने बाहेर पळालो. ताई जिन्याजवळ उभी होती.

"जिंकलो," मी म्हणालो.

"ऐकलं मी." ती भिंतीला टेकली. "मला वाटायचं, त्यांच्यात नाहीच आहे ते. काही माणसं मुळातच कोरडी असतात, त्याला कोण काय करणार, अशी मी मनाची समजूत घातली होती. म्हणून तारीख पडली की मी पण गप्प बसायचे. आणि त्यांच्यात हे एवढं सगळं आहे. एका शब्दात तुला एवढं सगळं देतात. मला त्यातला एक दिला नाही रे."

त्यांच्या बाजूने एखादं वाक्य तरी काढावं म्हणून मी तोंड उघडलं.

"तू नको बोलूस," ती म्हणाली. "तुझ्यावर राग नाही. पण आता तारीख पडू द्यायची नाही."

पुढची तारीख शेवटच्या रॅलीच्याच दिवशी होती. मी मनात हिशेब केला की चला, पाचव्यांदा ढकलली जाईल. पण वर्षभर सगळ्यांच्या मुळावर उठलेल्या महासंघाने नेमकी आत्ता रॅली आठवडाभर पुढे नेली. या वेळी कारण टायरचं होतं, टायरवाल्यांचा माल बंदरात अडकला होता. कोर्टाची तारीख एकदम मोकळी झाली. कुणालाच काही सबब उरली नाही.

कोर्टाच्या दिवशी मी ताईबरोबर गेलो. भाऊजींची गाडी आधीच फाटकाबाहेर उभी होती आणि ते आत बसून घड्याळ बघत होते. आमच्या खेळात वेळ नोंदवायच्या चौकीवर लवकर पोहोचणं हा उशिरापेक्षाही मोठा गुन्हा असतो; ठरलेल्या मिनिटालाच आत शिरायचं. ते ठरलेल्या मिनिटाला उतरले आणि आत आले. ताईच्या वाढदिवसाला, तिच्या ऑपरेशनला, आमच्या वडिलांच्या तेराव्याला उशिरा आलेला माणूस घटस्फोटाला अगदी काट्यावर आला. ताईने ते पाहिलं.

आतलं काम नोटरीकडे सही करण्याइतक्या वेळात झालं. बाहेर आल्यावर ताई दोघांनाही "येते" म्हणून रिक्षात बसून गेली. आम्ही दोघे पायऱ्यांवर उभे राहिलो.

"मंडळाला कळवावं लागेल," भाऊजी म्हणाले.

"कोणाला कळणार आहे? एक रॅली तर राहिलीय. ती झाल्यावर कळवू."

"नियम आहे."

त्यांनी तिथेच फोन काढला आणि अध्यक्षबाईंच्या कार्यालयाला सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. "हो. आजपासून. नाही, आता तो माझा कोणी नाही." पलीकडून विचारलं असेल त्याचं ते उत्तर होतं, हे मला समजत होतं. सरकारी प्रश्नाला सरकारी उत्तर. तरी ते मला लागलं. आजवर कुठल्या शिवीने लागलं नव्हतं इतकं लागलं.

आणि त्यांना आता मी काय म्हणायचं हाही प्रश्नच होता. नियमांच्या एवढ्या जाड पुस्तकात त्यावर एक कलम नव्हतं. मी भाऊजीच म्हणत राहिलो. सासूबाईंची त्याला हरकत नव्हती.

मॅनेजरने मात्र धास्ती घेतली. त्याने आम्हाला बसवून नवीन भाषा शिकवली. 'साल्या'च्या जागी 'ऐकलं'. आणि धोका नको म्हणून एकमेकांना 'तुम्ही' म्हणायचं. एकदा 'तुम्ही' म्हटलं की पुढे शिवी येतच नाही, असा त्याचा अनुभव होता. सरावाच्या दिवशी आम्ही दोन वळणांतच हसत सुटलो. निदान मी सुटलो. भाऊजी नियम म्हटला की मनापासून पाळतात. एकदा पाठ केलं की त्यांची जीभ त्याच रुळावरून जाते.

शेवटच्या रॅलीत गाडी त्यांनी अशी चालवली की तोड नाही. एक चाकही इकडचं तिकडे नाही. मी म्हणायचो, "उजवं तीन, खडी," आणि तिकडून यायचं, "ऐकलं." प्रत्येक वेळी त्याच पट्टीत. खूश आहेत, चिडलेत, घाबरलेत, मला काही कळेना. एका उतारावर माझा एक आकडा चुकला, गाडी घसरली, मागचा भाग बांधाला घासून गेला. मी अंग चोरलं. आता येणार, मी वाट बघत होतो. येऊ दे, झालं तर होऊ दे बाद, असंही क्षणभर वाटलं.

"तुम्ही पुढचं वाचा," ते म्हणाले.

मी पुढचं वाचलं. आम्ही दुसरे आलो, प्लीज-थँक्यू सहावे. नवीन गाडी आमची झाली. शिवाय बक्षीस समारंभात महासंघाने या वर्षीपासून सुरू केलेली 'सर्वांत सभ्य जोडी' ही ढालही आम्हाला दिली. सासूबाईंच्या मते त्या रॅलीत आमच्या गाडीत एकही आक्षेपार्ह शब्द निघाला नव्हता. अध्यक्षबाईंनी स्वतः हस्तांदोलन केलं. मॅनेजर ती ढाल अजून टेबलावर ठेवतो आणि गिऱ्हाइकांना दाखवतो.

ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "अभिनंदन. ऐकत होते मी." आणि मग, "फार छान बोलता रे आता तुम्ही."

नवीन गाडी महिन्याभराने आली. वर्कशॉपमध्ये मेकॅनिक जेवायला गेले होते, शटर अर्धं खाली होतं. गाडी अजून नुसता सांगाडा होती. दोन सीट आणि स्टिअरिंग बसवलं होतं, माइक नव्हता, कॅमेरा नव्हता, तारासुद्धा ओढलेल्या नव्हत्या. ऐकायला आम्ही दोघंच होतो. माझ्या मनात आलं, आता म्हणतील. नव्या सीटवर हात मारतील आणि एकदा तरी म्हणतील. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

भाऊजींनी माझ्या बाजूचं दार उघडून धरलं.

"या," ते म्हणाले. "बसून बघा. तुम्हाला पाय नीट पुरतायत ना?"

मी बसलो. पाय पुरत होते.